उशिरा कळलेली स्वमग्नता आणि तांड्याचा आधार



पोहरादेवीला समस्त बंजारा समाजाची काशी म्हणतात. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे स्थान ज्या भूमीवर आहे, तेथे रामनवमीला लाखोंचा समुदाय लोटतो. कोणी नवस फेडायला येतो, कोणी लेकरू पायावर घालायला, कोणी केवळ नगाऱ्याचा घोष कानी पडावा म्हणून. या समुदायात असा एक माणूस दरवर्षी असतो, ज्याच्याकडे फारसे कोणी निरखून पाहत नाही. वय चाळिशीच्या पुढचे, अंगापिंडाने धडधाकट, पण नगारा वाजू लागला की तो दोन्ही कान घट्ट दाबून धरतो आणि वृद्ध आई त्याचे मनगट सोडत नाही. भोवतालचे लोक त्याला भोळा म्हणतात, कोणी वेडा म्हणतात, तर कोणी मागच्या जन्मीचे भोग म्हणून बाजूला होतात. त्याच्या स्थितीला वैद्यकशास्त्रात एक नाव आहे आणि ते त्याला चाळीस वर्षांपूर्वीच मिळायला हवे होते. आजचा विषय या उशिरा मिळालेल्या नावाचा आहे, आणि नाव मिळाल्यावर आधार कोठे शोधायचा या प्रश्नाचा.

इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. युजेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूळ संज्ञा घडविली, तिचेच हे भाषांतर. शब्द सुबक आहे, पण थोडा फसवा आहे. स्वमग्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकतर समाधी लागलेला साधक येतो, नाहीतर स्वतःपलीकडे न पाहणारा स्वार्थी माणूस. हा माणूस या दोहोंपैकी कोणीच नव्हे. जग त्याला नको असते असे नाही. जगाचा आवाज, प्रकाश, स्पर्श आणि गर्दी त्याच्यापर्यंत इतरांहून वेगळ्या तीव्रतेने पोहोचते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्याच्या ढंगावरून, थट्टेवरून आपण सहज जे ताडतो ते त्याला ताडता येत नाही. दिनक्रम मोडला की त्याची घडी विस्कटते. ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात भिन्नता आहे. तो ताप नव्हे की औषधाने उतरावा, आणि बाधा नव्हे की अंगाऱ्याने जावी.

मग चाळीस वर्षे हे कळले कसे नाही? घरच्यांना दोष देण्यापूर्वी काही सनावळ्या पाहिल्या पाहिजेत. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध १९४३ साली प्रसिद्ध केला. ऑस्ट्रियात हान्स ॲस्परगर यांनी १९४४ साली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळायला १९८० उजाडले. तिच्या सौम्य-तीव्र अशा अनेक छटा असतात, ही गोष्ट ब्रिटनच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी १९८१ नंतर जगाच्या गळी उतरविली. आपल्याकडे १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा झाला, त्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम नावानिशी मान्यता दिली. प्रमाणपत्र देण्याची रीतसर पद्धत २०१६ मध्ये ठरली आणि त्याच वर्षी संमत झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत ती समाविष्ट झाली. म्हणजे १९८० च्या सुमारास मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर जन्मलेल्या मुलाला शाळेच्या वयात कोणत्याही सरकारी कागदावर हे नाव मिळणे शक्यच नव्हते. त्याला मतिमंद म्हटले गेले, किंवा काहीच म्हटले गेले नाही. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली आणि देशाने तिला बालपुरस्काराने गौरविले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिचे निदान बालपणी झाले होते. तिच्या आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या पिढीतल्या तशाच माणसांचे काय झाले, हा प्रश्न कौतुकाच्या टाळ्यांत बुडून जातो.

उशिराचे निदान केवळ आपल्याकडेच होते असेही नाही. ब्रिटिश गायिका सुझन बॉयल यांना जन्मतः मेंदूला इजा झाली आहे, असे लहानपणापासून सांगण्यात आले होते. २००९ साली त्या जगप्रसिद्ध झाल्या आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना कळले की ही ॲस्परगर पद्धतीची स्वमग्नता आहे; २०१३ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. अमेरिकेचे संगीतसमीक्षक टिम पेज यांना १९९७ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि निदान झाले २००० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. दोघेही कर्तृत्ववान, तरीही आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आपण इतरांसारखे का नाही या कोड्यात घालविला. स्त्रियांच्या बाबतीत तर हे कोडे अधिक गडद असते. मुलगी गप्प बसली की आपण तिला शालीन म्हणतो. इतरांचे पाहून हसणे, मान हलविणे, वागण्याची नक्कल करणे ती शिकते आणि त्या नक्कलीने आतून थकून जाते. पुष्कळदा स्वतःच्या मुलाची तपासणी करायला आलेल्या आईलाच डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता उमगते की ही उत्तरे आपलीही आहेत.

निदान झाले की पहिल्यांदा सुटल्यासारखे वाटते. आळशी, हट्टी, तुसडा ही विशेषणे गळून पडतात. मग दुःख येते, कारण गेलेली वर्षे परत येत नाहीत. घरातल्या आईला मात्र सुटका लाभत नाही. तिला वाटते, आपलेच काही चुकले. या अपराधभावनेला शास्त्राचाही हातभार लागला आहे हे सांगितलेच पाहिजे. आईच्या मायेच्या अभावाने मूल असे होते, असा एक निष्ठुर सिद्धांत विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांत बोकाळला होता. कॅनर यांच्या लेखनातूनही त्याला खतपाणी मिळाले होते. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, १९६४ मध्ये पुस्तक लिहून तो खोडून काढला, आणि १९६९ साली पालकांच्या मेळाव्यात खुद्द कॅनर यांनी पालकांना या आरोपातून मुक्त केले. ज्या मातेने चाळीस वर्षे लेकराचे मनगट सोडले नाही, तिच्यापर्यंत ही दोषमुक्ती अजून पोहोचलेली नाही. ती कोणीतरी तिच्या बोलीत तिला सांगायला हवी.

बोलीचा मुद्दा येथे फार महत्त्वाचा आहे. प्रौढाचे निदान करताना तज्ज्ञ विचारतात : हा कधी बोलू लागला? बोट दाखवून वस्तू मागत असे का? हाक मारली की वळत असे का? इतर मुलांत खेळत असे का? चाळीस वर्षांपूर्वीच्या या गोष्टी कोणत्याही कागदावर नसतात. त्या असतात याडीच्या, मावशीच्या, थोरल्या बहिणीच्या स्मरणात, आणि तेथे सन-महिने नसतात. बहात्तरच्या दुष्काळानंतर, अमक्याच्या लग्नात, तमक्या यात्रेच्या वेळी, अशी त्यांची कालगणना असते. ती अडाणी नाही. चांगली भरवशाची आहे. पण ऐकणाऱ्याला ती लावून घेता आली पाहिजे. आपल्या देशात स्वमग्नता मोजण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि एकूण बेरीज ४० ते २०० च्या दरम्यान येते. ७० च्या खाली स्वमग्नता धरीत नाहीत. त्यात नजरेला नजर देणे, संवाद सुरू ठेवणे यांसारख्या बाबी आहेत. आता कल्पना करा, जन्मभर गोरबोलीत बोललेला, तांड्याबाहेर क्वचितच गेलेला माणूस जिल्हा रुग्णालयात मराठी किंवा हिंदी प्रश्नांपुढे बसला आहे. तो गप्प राहिला तर ते स्वमग्नतेमुळे, की भाषेमुळे, की वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालण्याच्या संस्कारामुळे? हा भेद करायचा तर गोरबोली जाणणारा माणूस त्या खोलीत हवा. तांड्यावरची आशा कार्यकर्ती किंवा शिक्षक झालेला समाजबांधव सोबत गेला, तर एका फेरीत जे साधते ते एरवी चार फेऱ्यांत साधत नाही. आणि अशी माणसे तांड्यातांड्यांतून आज आहेत.

आता एक कथा ऐका. कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे छोटे गाव आहे, तेथे १९३३ मध्ये तो जन्मला. चौथ्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला दूरच्या संस्थेत ठेवण्यात आले. तेथे तो कोमेजला. आई-वडिलांनी वर्षभरात त्याला परत आणले. वडील वकील होते. त्यांनी कॅनर यांना मुलाविषयी ३३ पानांचे पत्र लिहिले आणि १९३८ साली मुलाला त्यांच्याकडे नेले. पुढे काही वर्षे त्याला गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. हे दांपत्य काही शास्त्र शिकलेले नव्हते. डोनाल्डला आकड्यांचे आणि मोजमापाचे वेड होते. त्यांनी त्याला विहिरीच्या कामाला लावले आणि खोली किती झाली ते सांगायला सांगितले. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजीत असे, तर म्हटले, नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी, तेव्हा त्यांनी त्याला दफनासाठी एक जागा नेमून दिली. १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले तेव्हा घोडा आणि नांगर तो व्यवस्थित हाकताना त्यांनी पाहिला. डोनाल्डच्या वेडाला विरोध न करता त्या दांपत्याने त्याला काम दिले होते, ही गोष्ट त्यांनी कौतुकाने नोंदविली आहे.

हाच डोनाल्ड पुढे महाविद्यालयातून पदवीधर झाला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, गावच्या बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली आणि आई-वडिलांच्या मागे तो त्याच घरात एकटा राहिला. खर्चाची तजवीज कुटुंबाने आधीच करून ठेवली होती. गावकरी त्याला सांभाळीत. बाहेरून पत्रकार आले तेव्हा, त्याला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे, अशी ताकीद त्यांनी दिली. २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला. याच अकरा मुलांचा मागोवा कॅनर यांनी १९७१ साली पुन्हा घेतला. जी सरकारी संस्थांच्या भिंतींआड गेली होती त्यांची दशा पाहून ते हळहळले. ती मुले होती तेथेच विझून गेली होती. आजार एकच, वैद्यही एकच. अर्थात डोनाल्डचे घर श्रीमंत होते, बँकही आजोळच्या मंडळींची होती, हे विसरून चालणार नाही. पण त्या शेतकऱ्याने विहिरीची खोली मोजायला लावली, त्याला पैसा लागला नव्हता.

आपल्या तांड्यांवर असे किती शेतकरी आहेत! सोयाबीनच्या पेरणीत तास सरळ धरणारा, जनावरांची नावे आणि वेत चुकू न देणारा, दुधाचा हिशेब तोंडपाठ असणारा, मानोरा-दिग्रस मार्गावरच्या एसटीच्या वेळा घड्याळासारख्या सांगणारा माणूस आपल्याला कामाचा वाटतो, तोवर त्याच्या विचित्रपणाकडे तांडा काणाडोळा करतो. हे औदार्य खरे आहे. पण त्याचे फार गोडवे गाऊ नयेत. त्याच तांड्यात पोरे त्याच्या कानाशी फटाके लावतात, बाजारात व्यापारी त्याला मापात फसवितात, आणि दारूच्या बैठकीत करमणूक म्हणून त्याला बसविले जाते. सर्वांत मोठा अन्याय म्हणजे, लग्न लावून दिले की सुधारेल, असे म्हणून एखाद्या गरिबाघरच्या मुलीच्या गळ्यात तो बांधला जातो. तिला आधी काही सांगितले जात नाही. स्वमग्न व्यक्तीचा विवाह होऊच नये असे कोणी म्हणत नाही. पुष्कळांचे संसार चांगले चालले आहेत. परंतु लपवून लावलेले लग्न म्हणजे दोघांची फसवणूक आहे, आणि नायक-कारभाऱ्यांनी ती डोळ्यांदेखत होऊ देऊ नये.

ऊसतोडीचा प्रश्न याहून कठीण. दिवाळीच्या मागेपुढे तांडे रिकामे होतात ते फाल्गुन-चैत्रापर्यंत. कोयता हा जोडीचा असतो. एकट्याला उचल मिळत नाही. मग या माणसाचे काय करायचे? सोबत न्यावे तर रोज नवा फड, पालावरची दाटी, रात्री-अपरात्री ट्रक भरणे, म्हणजे ज्या ज्या गोष्टी त्याला असह्य त्या सर्व एकत्र. मागे ठेवावे तर सत्तरीच्या आईवर भार. काही घरांत दार बाहेरून कडी लावून बंद केले जाते, हेही ऐकायला येते. त्यामागे क्रौर्यापेक्षा लाचारीच जास्त असते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी पाळीपाळीने दुपारचे दोन तास दिले, शाळेच्या ओसरीवर एक जागा ठरली, रोजचे एक काम ठरले, तर ती कडी काढता येईल. शासनाच्या आदेशानुसार ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि विचारणारे फार थोडे असतात.

नवस-सायासांविषयी एवढेच की, जगदंबेपुढे पदर पसरणाऱ्या मातेला कोणी हसू नये. त्या श्रद्धेनेच तिला चाळीस वर्षे उभे ठेवले आहे. सावध राहायचे ते दुसऱ्याच मंडळींपासून. स्वमग्नता मुळातून बरी करतो म्हणणारे भगत खेड्यात आहेत आणि तसेच म्हणणारे चकचकीत दवाखाने शहरांत आहेत. मूळ पेशींच्या उपचारासाठी लाखो रुपये मागितले जातात, शेत विकले जाते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे की, स्वमग्नतेवर या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. झोप न लागणे, अपस्मार, चिंता, खिन्नता यांवर औषधे आहेत व ती घ्यावीत. मूळ घडण बदलणारे औषध नाही.

मग मिळते काय? वाशीमच्या जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र मिळते. ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक लाभांचे दार उघडते. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे. तिला वयाची अट नाही आणि आधी वैद्यकीय तपासणीही लागत नाही. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात स्वमग्नता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, पोहरादेवीच्या नगारारूपी वस्तुसंग्रहालयाचे लोकार्पण झाले त्याच आठवड्यात, वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही शुभारंभ झाला. येथील रुग्णांना अकोला-नागपूरच्या वाऱ्या कमी कराव्या लागतील ही अपेक्षा त्यामुळे रास्त आहे. ज्यांना आधी नुसते बोलायचे आहे त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे आणि मराठीतून बोलता येते. मुंबई-पुण्यात पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, स्वतः स्वमग्न असलेले प्रौढही एकमेकांना शोधू लागले आहेत. तसा एखादा मराठी माणूस दूरध्वनीवर भेटला, तर घरच्या दहा माणसांच्या धीरापेक्षा त्याचे एक वाक्य अधिक उपयोगी पडते. त्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक आई शेवटी दबल्या आवाजात विचारते : आमच्यामागे याचे कोण? राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिचे स्वरूप. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे; आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी हिशेब. पाच एकर कोरडवाहू जमिनीवर ज्या भावकीचा डोळा आहे, तिला ही अट ठाऊक असलेली बरी. मात्र प्रत्येक स्वमग्न प्रौढाला पालकाची गरज असते असे मुळीच नाही. जो स्वतःचा व्यवहार पाहतो, त्याच्या हातून सही काढून घेण्यासाठी या तरतुदीचा वापर होऊ नये. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची वाट आहे, जिथे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो आणि त्या माणसाची इच्छा विचारावी लागते.

कायद्याच्या कागदाबरोबर आणखी एक कागद लागतो, तो घरीच तयार होतो. शाळकरी नातीला शेजारी बसवून आजीने सांगावे आणि नातीने वहीत लिहावे, गोरबोलीत, देवनागरी अक्षरांत. याला भाकरी दुधात कुस्करलेली चालत नाही. नवे कापड दोन-तीनदा धुऊन मगच अंगावर द्यावे. बोलावताना मागून हात लावू नये, समोर येऊन नावाने हाक मारावी. दात दुखला तर सांगत नाही, नुसता येरझाऱ्या घालतो. नगाऱ्याचा आवाज सुरू होण्याआधी त्याला सांगून ठेवावे आणि उमरीच्या बाजूच्या झाडाखाली नेऊन बसवावे, तेथून तो यात्रा आनंदाने पाहतो. मोठ्या म्हशीच्या दुधाचा हिशेब त्याच्याकडेच राहू द्यावा. या वहीची एक प्रत धाकट्या सुनेकडे, एक नायकाच्या घरी आणि एक आशाताईंजवळ असावी, आणि दर रामनवमीला तिच्यात नवे काय ते भरावे.